मृत्यूची तारीख नसलेले लेखक

१९३५ साली निघालेल्या एखाद्या मराठी मासिकाचा अंक डोळ्यांसमोर आणा. डाव्या पानावर 'एक वाचक' या सहीने लेख आहे. उजव्या पानावर एक कथा आहे आणि तिच्याखाली लेखिकेचे नाव आडनावासह छापले आहे. दोघांनीही पुढे फारसे लिहिले नाही. कोणत्याही वाङ्मयकोशात त्यांची नोंद नाही. हा अंक आज संगणकावर सर्वांना वाचायला खुला करायचा म्हटले, तर १९५७चा प्रताधिकार कायदा समोरासमोरच्या या दोन पानांना दोन निरनिराळे नियम लावतो. निनावी किंवा टोपणनावाने आलेल्या मजकुराची मुदत कलम २३नुसार प्रसिद्धीपासून साठ वर्षांची असते, म्हणून डावे पान केव्हाच मोकळे झाले. उजव्या पानाची मुदत लेखिकेच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत चालते, आणि तिचे निधन कधी झाले हे कोणालाच ठाऊक नाही. कथा लिहिताना ती पंचवीस वर्षांची असेल आणि पंच्याऐंशी वर्षे जगली असेल, तर तिची कथा २०५५ अखेरपर्यंत बंद राहील. जिने आपले नाव उघडपणे दिले, तिचेच लेखन वाचकापासून दूर राहिले.

ज्या कृतीचा प्रताधिकार चालू आहे किंवा चालू असू शकतो, पण परवानगी मागायला मालकच सापडत नाही, अशा कृतींना जगभर 'अनाथ कृती' म्हटले जाते. त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा परवानगी कशी मिळवायची याभोवतीच फिरते. मला वाटते, चर्चेची सुरुवातच तिथे चुकते. जो माणूस सापडत नाही त्याच्या परवानगीची व्यवस्था कितीही काळजीपूर्वक आखली तरी ती खर्चीक आणि संथच राहणार. कायद्याने परवानगीऐवजी वापरणाऱ्याकडून हिशेब मागावा: शोध कसा घेतला, लेखकाचे नाव दिले का, मालक उद्या समोर आला तर त्याच्या पदरात काय पडेल. आणि जिथे अडचण केवळ न सापडणाऱ्या मृत्युतारखेची आहे, तिथे ती तारीख कायद्याने गृहीत धरावी. या म्हणण्याला वजनदार विरोध आहे. तो नीट ऐकू यावा म्हणून इथे दोघांना बोलते केले आहे: एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालबाई आणि लेखकांच्या हक्कांचे खटले चालवणारे वकील. ही दोन माणसे कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातले कायदे आणि निकाल खरे आहेत.

ग्रंथपाल: वकीलसाहेब, २०१२च्या दुरुस्तीनं आम्हाला एक चांगली सोय दिली. छापील प्रत आमच्या संग्रही असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत आम्ही ठेवू शकतो. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढायलाही कायद्याची हरकत नाही. ही सोय मोलाची आहे, कारण लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या जुन्या कागदात आम्ल असतं. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. पण स्कॅन करून ठेवलेला हा मजकूर नांदेडच्या विद्यार्थ्याला किंवा बडोद्याच्या अभ्यासकाला घरबसल्या दाखवायचा म्हटला की आमचे हात थांबतात. जाणूनबुजून प्रताधिकाराचा भंग केला तर कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. भंग व्यापारी फायद्यासाठी नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण ते खटल्याच्या शेवटी. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. अजाणतेपणी भंग करणाऱ्याला कलम ५५ थोडं संरक्षण देतं, पण ते आमच्या कामाचं नाही. आम्हाला तर ठाऊकच असतं की हक्क अजून जिवंत असू शकतो. जो जास्त विचार करतो, तोच जास्त अडकतो. आमच्या विश्वस्तांनी सही कोणत्या भरवशावर करावी?

वकील: बाई, तुमची अडचण मला मान्य आहे, पण कायद्यानं तुम्हाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. कलम ३१अ त्यासाठीच आहे. १९८३ साली ते अप्रकाशित साहित्यापुरतं आलं, २०१२ साली प्रकाशित साहित्यालाही लागू झालं. लेखक हयात नाही, अज्ञात आहे किंवा त्याचा ठावठिकाणा लागत नाही, अशा वेळी अर्ज करा, जाहीर नोटीस द्या, ठरेल ती रॉयल्टी जमा करा आणि परवाना घ्या. पैसे सरकारी खात्यात राहतात, वारस केव्हाही येऊन मागू शकतात. आता एवढी तपासणी का, तेही बघा. मराठी लेखकानं हस्तलिखित एकरकमी पैशावर देऊन टाकायचं, करार तोंडी ठेवायचा आणि पुढच्या आवृत्त्यांचं त्याला कळायचंही नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. म्हणून तर कायदा म्हणतो, हस्तांतर लेखीच हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाईल. इतक्या कष्टानं लेखकाच्या हाती आलेली मालकी 'शोधलं, पण सापडला नाही' एवढ्या एका वाक्यावर सोडून द्यायची का? ज्यानं शोधलंच नाही, त्यालाही मालक सापडत नसतो.

वकिलांचे शेवटचे वाक्य या वादातला सर्वांत कठीण मुद्दा आहे आणि तो पुढे पुन्हा येईल. आधी ते ज्या मार्गाकडे बोट दाखवतात तो तपासू. अर्जापूर्वीची जाहीर नोटीस कलम ३१अला इंग्रजी दैनिकात हवी आहे, देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या दैनिकात. दुसऱ्या भाषेतल्या दैनिकात नोटीस देण्याचे बंधन फक्त अनुवादाच्या वेळी, म्हणजे ज्या भाषेत अनुवाद करायचा त्या भाषेपुरते. मूळ मराठी पुस्तक मराठीतच पुन्हा काढायचे असेल, तर मराठी वर्तमानपत्रात एक ओळही छापण्याची सक्ती नाही. साताऱ्यात किंवा रत्नागिरीत राहणाऱ्या एखाद्या लेखकाच्या नातवाला आजोबांच्या पुस्तकाची बातमी कळावी, हा जर नोटिशीचा हेतू असेल, तर ती चुकीच्या ठिकाणी छापली जाते. ती खर्च वाढवते आणि वारसाला शोधत नाही. ज्या प्रताधिकार मंडळाकडे हे अर्ज जायचे त्याचे काम २०१७ साली बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले, २०२१ साली तेही मंडळ बरखास्त झाले आणि काम न्यायालयांकडे आले. एका कथेसाठी किंवा चाळीस पानांच्या पुस्तिकेसाठी वकील लावून न्यायालयाची पायरी चढणारे ग्रंथालय महाराष्ट्रात मिळणे अवघड आहे. ज्या साहित्याला बाजारभावच उरलेला नाही, त्याच्यासाठी कायद्याने बाजारभावाचा मार्ग आखला आहे.

ग्रंथपाल: आणि साहेब, शोधाचा खर्च हा काही केवळ आपल्याकडचा प्रश्न नाही. ब्रिटिश लायब्ररीनं १८७० ते २०१० या काळातली १४० पुस्तकं घेऊन हक्कांचा शोध किती वेळ खातो ते पाहिलं. एका पुस्तकाला सरासरी चार तास लागले आणि जवळजवळ एक तृतीयांश पुस्तकं अनाथ निघाली. हे पुस्तकांचं, आणि तेही जिथे नोंदी बऱ्या आहेत अशा देशातलं. आपल्या दिवाळी अंकाचा विचार करा. बाहेरून लिहिणाऱ्या लेखकाचा हक्क अंक बंद पडला म्हणून संपादकाकडे जात नाही, तो लेखकाकडेच राहतो. एका अंकात तीस लेखक आणि चित्रकार धरले, तर त्याच दरानं एकशे वीस तास. कॅनडात असे मालक न सापडणाऱ्या कृतींचे परवाने देणारं मंडळ तीन दशकांहून जास्त काळ काम करतंय आणि त्याचे परवाने जेमतेम काही शेकडो. एकेक कृती पकडून परवाना देत बसलं तर संग्रह कधीच खुला होत नाही.

वकील: म्हणून एकगठ्ठा खुलं करायचं? त्याचाही अनुभव जगाला आहे. २०११ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयानं अनाथ वाटणाऱ्या पुस्तकांची यादी केली आणि नव्वद दिवसांच्या मुदतीनंतर ती पुस्तकं आपल्या वाचकांना खुली करायचं ठरवलं. यादीत जे. आर. सालामांका यांची १९५८ची कादंबरी होती. लेखकांच्या संघटनेनं थोडा शोध घेतला, तर लेखक जिवंत, त्यांचे प्रतिनिधीही जागेवर. विद्यापीठानं कबूल केलं की आपली पद्धत सदोष होती आणि प्रकल्प थांबवला. तज्ज्ञ ग्रंथपालांकडून हे झालं, बाई. फ्रान्सनं २०१२ साली कायदाच केला, बाजारात नसलेली विसाव्या शतकातली पुस्तकं लेखकानं मुदतीत हरकत घेतली नाही तर डिजिटल रूपात विकता येतील असा. २०१६ साली युरोपीय न्यायालयानं सांगितलं, प्रत्येक लेखकापर्यंत खबर पोचवल्याशिवाय त्याच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येणार नाही. अमेरिकेत नुकसानभरपाई मर्यादित करण्याचं विधेयक २००८ साली सीनेटनं मंजूर केलं, ते प्रतिनिधीगृहात अडलं, आणि विरोधात सर्वांत पुढे होते छायाचित्रकार आणि चित्रकार. त्यांच्या चित्रावरचं नाव कोणीतरी कापून टाकतो आणि मग दुसरा म्हणतो, मालक सापडत नाही. आता तर यंत्रांना शिकवण्यासाठी अख्खी ग्रंथालयं गिळायला निघालेल्या कंपन्या आहेत. त्यांच्या हातात हा परवाना द्यायचा का?

हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही, पण मिशिगनच्या घटनेचा वकिलांनी काढलेला अर्थ मला पटत नाही. त्या ग्रंथालयाची शोधपद्धत ढिसाळ होती यात शंका नाही. मात्र सालामांका सापडले ते कशामुळे? ग्रंथालयाने यादी आधी जाहीर केली म्हणून. ते पुस्तक कपाटात बंदच राहिले असते, तर ते अनाथ आहे की नाही हे कोणी तपासलेही नसते. यादी उघडी होती, मुदत शिल्लक होती, आणि पुस्तक वाचकापर्यंत जाण्याआधीच लेखक समोर आला. त्या प्रकल्पातला जो भाग चालला तो नेमका हा होता. फ्रान्सच्या कायद्यावरच्या निकालाचा विषयही वेगळा आहे. तिथे हयात, पत्ता असलेल्या, सहज गाठता येण्यासारख्या लेखकांची पुस्तकेही केवळ बाजारात नाहीत म्हणून योजनेत ओढली गेली होती. ज्याला गाठता येते त्याचे मौन संमती नव्हे, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. ज्याला गाठताच येत नाही त्याचे मौन नकार मानावे, हे मात्र त्यातून निघत नाही. आज आपला कायदा व्यवहारात तेच मानतो. राहिले छायाचित्रांचे आणि मोठ्या कंपन्यांचे. तिथे वकिलांचे बरोबर आहे: नाव खरवडून काढणाऱ्याला शोधाचे संरक्षण मिळता कामा नये, आणि ग्रंथालयासाठी केलेली सोय कंपनीला लागू होऊ नये. या दोन्ही अटी कायद्यात सरळ लिहिता येतात. त्यासाठी १९३५ची कथा कोंडून ठेवण्याची गरज नाही.

ग्रंथपाल: मला तर वाटतं, आपल्याकडे खरी गाठ शोधाच्याही आधी बसते. बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०१६ अखेर मोकळं झालं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं २०१० अखेर. आचार्य अत्र्यांचं २०२९ अखेर होईल. नामवंतांचा हिशेब एका ओळीत होतो, कारण त्यांच्या निधनाची बातमी छापून आली, कोशात वर्ष नोंदलं गेलं. आता १९३० ते १९५६ या काळातलं डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचं 'जनता' साप्ताहिक घ्या. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पाठवलेले सभांचे वृत्तान्त, तक्रारी, पत्रं, आणि खाली नाव. त्या माणसाची मृत्युतारीख कोणत्या कोशात सापडणार? जलशांच्या पुस्तिका, वगांची चोपडी, साठीच्या दशकातली 'असो', 'वाचा', 'येरू'सारखी लघुअनियतकालिकं, ज्यांत एकदाच छापून आलेले कवी आहेत, सगळीकडे हीच स्थिती. ज्यांचं जगणं नोंदवलं गेलं त्यांचं लेखन वेळेवर मोकळं होतं. ज्यांची कोणी नोंद घेतली नाही, त्यांचं कधी होईल ते सांगता येत नाही.

वकील: हे खरं आहे आणि ते मलाही बोचतं. पण नावांच्या बाबतीत फार घाई करू नका. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावानं आलं. टोपणनाव धरून कोणी प्रसिद्धीपासून साठ वर्षं मोजली असती तर १९९३ अखेर मोकळं समजला असता. पण त्या मालतीबाई बेडेकर आहेत हे मुदतीच्या आतच उघड झालं होतं, त्या २००१ साली गेल्या, म्हणजे हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे. बायकांचं नाव लग्नानंतर बदलायचं. माहेरच्या नावानं लिहिलेली कथा आणि सासरच्या नावानं झालेली मृत्यूची नोंद यांची सांगड कोणी घालायची? न सापडणं हे बऱ्याचदा समाजानं माणसाला नोंदीबाहेर ठेवल्याचा परिणाम असतो. ज्यांच्यावर आधीच अन्याय झाला, त्यांच्याच हक्कावर तुम्ही सूट मागता आहात.

इथे दोघेही एकाच वस्तुस्थितीकडे पाहत आहेत, म्हणून ती नीट उलगडून पाहायला हवी. आयुष्यावर बेतलेली मुदत वरवर सर्वांना सारखी दिसते. प्रत्यक्षात ती ज्याच्या मृत्यूची नोंद आहे त्याच्यासाठी मोजता येणारी मुदत असते, आणि ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी बिनमुदत बंदी. कायद्याने ही दरी वेळोवेळी वाढवली आहे. १९९१ अखेरीस रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याची मुदत संपणार होती. तेव्हा आधी अध्यादेश आणि मग १९९२ची दुरुस्ती करून पन्नास वर्षांची साठ वर्षे करण्यात आली. एका महाकवीचे साहित्य डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही वाढ देशातल्या प्रत्येक विस्मृत लेखकालाही लागली, आणि त्याच्या वारसांना तिचा एक रुपयाही मिळाला नाही, कारण त्याचे पुस्तक कोणी छापतच नव्हते. छायाचित्राची मुदत २०१२पर्यंत प्रसिद्धीपासून साठ वर्षांची, म्हणजे मोजायला सोपी होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तीही छायाचित्रकाराच्या आयुष्याला जोडली. नोंद नसलेल्या माणसावरचा अन्याय वकील सांगतात तो खराच. पण त्याच्या हक्काचे रक्षण म्हणून त्याचे लिखाण बंद ठेवणे, हे त्या अन्यायाला मुदतवाढ देणे आहे. 'जनता'त तक्रार लिहून पाठवणाऱ्या माणसाला ती वाचली जावी असे वाटत होते. त्याने नाव दिले ते त्यासाठीच. त्याच्या वतीने बोलताना ही एक गोष्ट आपल्याला निश्चित माहीत आहे.

पुराव्याचा सर्वसाधारण कायदा इथे मदतीला येईल असे वाटते, पण येत नाही. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो मृत आहे असे कायदा गृहीत धरतो. तो केव्हा मेला हे मात्र गृहीत धरत नाही. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या २००४च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. विम्याच्या किंवा वारसाहक्काच्या दाव्यात तारीख सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाकून हा पेच सुटतो. प्रताधिकारात दावा करणारा कोणीच नसतो, तरी जबाबदारी उरते ती वाचकाच्या बाजूला. अमेरिकेच्या कायद्याने यावर एक साधा तोडगा १९७६ सालीच लिहून ठेवला आहे. तिथे मुदत निधनानंतर सत्तर वर्षे आहे. प्रसिद्धीपासून पंच्याण्णव वर्षे उलटली, किंवा निर्मितीपासून एकशे वीस, यांत जे आधी असेल ते, आणि लेखक हयात असल्याचे किंवा सत्तर वर्षांच्या आत वारल्याचे सरकारी कार्यालयाच्या नोंदीत काहीच नसले, तर तो सत्तर वर्षांपूर्वी वारला असे धरले जाते. त्या दाखल्यावर सद्भावनेने विसंबून राहणाऱ्याला पूर्ण बचाव मिळतो. पंच्याण्णवातून सत्तर वजा केले तर पंचवीस उरतात. आपली मुदत साठ वर्षांची. त्याच हिशेबाने प्रसिद्धीनंतर पंच्याऐंशी वर्षांनी हे गृहीत लागू करता येईल. म्हणजे १९३५च्या कथेला २०२१पासून, १९४०च्या अंकाला २०२६पासून.

वकील: थांबा. पंचविशीत कथा लिहिणारी बाई पन्नाशीत वारली असं तुम्ही कायद्याला म्हणायला लावता आहात. बहुतेक वेळा हे खोटं असणार. शिवाय प्रताधिकाराच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानं लेखकाला आयुष्य अधिक पन्नास वर्षांची हमी दिली आहे आणि हक्कासाठी नोंदणीची अट घालायला मनाई केली आहे. नोंद नसेल तर हक्क गेला, हे तुमचं म्हणणं तिथे टिकेल?

गृहीत बऱ्याच वेळा वस्तुस्थितीला धरून नसेल, हे मान्य करूनच मी ते मांडतो आहे. असे गृहीत एखाद्या बाईच्या आयुष्याविषयी काही सांगत नाही. काहीच माहिती नसताना जोखीम कोणी उचलायची, एवढेच ते ठरवते. आज ती सगळी जोखीम ग्रंथालयावर आहे आणि तिच्या बदल्यात लेखिकेला काही मिळत नाही. गृहीत खोडून काढता येणारे असावे: मृत्यूचा दाखला, कुटुंबातला कागद, गावच्या नोंदवहीतली ओळ, काहीही आणले की उरलेल्या मुदतीपुरता हक्क पूर्ववत चालू होईल आणि मजकूर उतरवावा लागेल. मधल्या काळात सद्भावनेने झालेल्या वापराला शिक्षा होणार नाही. हक्क जात नाही, तो सांगायला कोणी येईपर्यंत थांबतो. बर्न कराराचा आक्षेपही इथे अडत नाही, कारण हक्क मिळवण्यासाठी लेखकाला काहीच नोंदवावे लागत नाही. नियम पुराव्यापुरता आहे. अमेरिका १९८९पासून बर्न करारात आहे आणि तिचा हा नियम अजून कायम आहे. ज्यांचा लेखक वारून पन्नास वर्षे झाली असे मानणे वाजवी आहे, अशा निनावी आणि टोपणनावी कृतींना संरक्षण देण्याचे बंधन नाही, असे खुद्द करारातच म्हटले आहे. म्हणजे मृत्यूचा अंदाज बांधणे कराराच्या भाषेला परके नाही.

ग्रंथपाल: आणि १९४० नंतरचं? माझ्याकडे सर्वांत जास्त मागणी तर पन्नाशी ते ऐंशीच्या दशकातल्या मासिकांना आहे.

वकील: तिथे मी गृहीतबिहीत मान्य करणार नाही. वारस जिवंत आहेत, कित्येकदा लेखक स्वतः आहेत. पण खुली नोंदवही ठेवा. काय शोधलं, कुठे शोधलं, कोणाला पत्र घातलं, सगळं सहा महिने आधी लोकांसमोर येऊ द्या. नोटीस मराठीत, आणि लेखकाचं गाव माहीत असेल तर त्या जिल्ह्यात पोचणाऱ्या वर्तमानपत्रात. वारस आला की मजकूर ताबडतोब उतरवायचा किंवा त्याच्याशी ठरवायचं. नाव प्रत्येक पानावर. एवढं झालं तर ग्रंथपालावर फौजदारी नको, हे मी लेखकांच्या बाजूनं लिहून देईन. प्रकाशकाला मात्र ही सवलत नाही. त्यानं रॉयल्टी आधी भरावी.

ग्रंथपाल: पाचशे प्रती काढणाऱ्या छोट्या प्रकाशकानं छपाईच्या आधीच पैसे भरले, तर तो हात घालणारच नाही, आणि पुस्तक पुन्हा माझ्या कपाटात.

या शेवटच्या मतभेदात मी वकिलांच्या जवळ आहे, फक्त पैसे भरण्याच्या वेळेबाबत नाही. ग्रंथालय वाचू देते, प्रकाशक विकतो; विकणाऱ्याने लेखकाचा वाटा बाजूला काढलाच पाहिजे. पण हयात लेखकालासुद्धा प्रकाशक रॉयल्टी विकलेल्या प्रतींवर देतो. न सापडलेल्या लेखकाचा वाटा दरवर्षी विक्रीच्या हिशेबाने खात्यात जावा आणि तो हिशेब त्याच खुल्या नोंदवहीत दिसावा, म्हणजे नातवाला आजोबांचे पुस्तक निघाल्याचे कळेल तेव्हाच रक्कमही कळेल. ग्रंथालयाने आगाऊ काही भरू नये. वारसाने मागणी केली तर वाजवी मोबदला द्यावा. आता ही नोंदवही कोणी उभारायची हा प्रश्न उरतो, आणि तिथे मराठीला कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची एकहाती म्हणावी अशा चिकाटीने तयार केली. तिच्यात पुस्तक आहे, लेखक आहे, साल आहे. त्या नावांपुढे मृत्यूचे वर्ष लिहिण्याचे काम कायदा बदलण्याची वाट न पाहता सुरू करता येते. जिल्ह्याजिल्ह्यांतली ग्रंथालये, शाळांच्या जुन्या नोंदवह्या, घराण्यांचे कुलवृत्तान्त आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांची कुटुंबे यांच्याकडे ती माहिती आजही विखुरलेली आहे. जे वर्ष सापडेल त्याने एक लेखक वारसासह परत मिळेल किंवा कायद्याने मोकळा होईल. जे सापडणार नाही, त्याच्यासाठी संसदेकडे पंच्याऐंशी वर्षांच्या नियमाची मागणी करताना निदान शोध घेतल्याचा पुरावा आपल्या हातात असेल.